अंगणातील फरशी: दगड, पाणी आणि पाऊल

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत नैसर्गिक दगड बसवायचे ठरले, की चर्चा बहुधा रंगापासून सुरू होते आणि दराशी येऊन थांबते. दुकानातला नमुना कोरडा, पुसलेला आणि सावलीत ठेवलेला असतो. अंगणात गेल्यावर मात्र तोच दगड जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओला राहतो आणि एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापतो. त्यामुळे दगड पाणी किती शोषतो आणि ओला असताना पायाला किती पकड देतो, हे रंगाच्या आधी पाहायला हवे. या दोन्ही गोष्टी दगडातील खनिजे, त्याची सच्छिद्रता आणि पृष्ठभागावर केलेली घडाई यांवर ठरतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या बेसाल्टने व्यापलेला आहे. तरीही आपल्याकडील फरशी मुख्यतः बाहेरून येते. शहाबादी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून, कडप्पा आंध्र प्रदेशातून आणि कोटा राजस्थानातून. याचे कारण खडकांच्या जडणघडणीत आहे. हे तिन्ही चुनखडक प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाले, म्हणून ते त्या थरांच्या रेषेत सपाट लाद्यांच्या रूपात सुटतात. लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्टला असे थर नसल्यामुळे तो फोडला की खडी किंवा ओबडधोबड चिरे मिळतात. त्याच्या पातळ लाद्या हव्या असतील तर यंत्राने कापाव्या लागतात आणि खर्च वाढतो.

चुनखडकातील मुख्य खनिज कॅल्साइट होय. मोहस् काठिण्य श्रेणीत त्याचा क्रमांक ३ आहे, तर ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झचा ७. म्हणजे बुटाला चिकटून आलेली वाळू शहाबादीला किंवा कोट्याला ओरखडे पाडू शकते, ग्रॅनाइटला सहसा नाही. कॅल्साइटचा दुसरा दोष म्हणजे ते आम्लात विरघळते. नमुन्याचा एखादा तुकडा घेऊन त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावेत; बारीक बुडबुडे आले किंवा थोड्या वेळाने तेथील चमक उडालेली दिसली, तर दगड चुनखडक आहे असे समजण्यास हरकत नाही. अशा फरशीवर न्हाणीघर धुण्याचे ॲसिड ओतणे म्हणजे फरशीच थोडी थोडी विरघळवणे आहे, आणि अंगण ‘एकदा स्वच्छ करून देण्याच्या’ उत्साहात हा प्रकार घरोघरी होतो. पावसाचे पाणीही हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असते, पण त्याचा परिणाम इतका मंद असतो की खडबडीत फरशीवर तो लक्षात येत नाही; पॉलिश मात्र काही पावसाळ्यांत निस्तेज होते.

तसेही अंगणात पॉलिश करण्याचे कारण नाही. ओल्या गुळगुळीत दगडावर पाण्याचा पातळ पापुद्रा तळवा आणि दगड यांच्यामध्ये अडकतो व घर्षण कमी होते. खडबडीत पृष्ठभागाचे उंचवटे तो पापुद्रा भेदतात आणि पाण्याला बाजूला जायला वाटही ठेवतात. शहाबादीचा खाणीतून निघालेला नैसर्गिक पृष्ठभाग म्हणूनच बाहेर उत्तम चालतो. बेसाल्टला पाट्याप्रमाणे टाकी लावून घेता येते. ग्रॅनाइटसाठी फ्लेम फिनिशची पद्धत आहे आणि तिच्यामागचे विज्ञान मोठे रोचक आहे. क्वार्ट्झ तापत जाते तसे झपाट्याने प्रसरण पावते आणि ५७३ अंश सेल्सियसला त्याची स्फटिकरचनाच बदलते. पृष्ठभागावरून प्रखर ज्योत फिरवली, की वरचे कण खालच्या थंड दगडापासून ताण पडून उडतात आणि एकसारखा खरखरीतपणा उरतो. चुनखडक मुख्यतः कॅल्साइटचा असल्याने तेथे हा उपाय सहसा लागू पडत नाही.

कोकण आणि गोव्यातील जांभ्याचा विचार वेगळा करावा लागतो. उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडकातील सिलिका झिरपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यातून हा खडक तयार झाला. स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरमजवळच्या या दगडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो खाणीत सहज कापला जातो, पण हवा लागली की विटेसारखा घट्ट होतो, असे नोंदवले. जांभ्याच्या पाखाडीवर कोरड्या दिवसांत पाय घट्ट बसतो आणि उन्हातही ती फार चटका देत नाही. परंतु त्याच्या छिद्रांत ओल टिकून राहते व सावलीच्या जागी शेवाळ लवकर धरते. उत्तरेकडे तोंड असलेल्या, झाडांनी झाकलेल्या पायऱ्यांना मी तरी जांभा सुचवणार नाही.

दगड किती पाणी शोषतो हे घरीही मोजता येते. तुकडा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावा, ओल्या फडक्याने वरवर पुसून पुन्हा तोलावा. वजनातील वाढ चांगल्या ग्रॅनाइटमध्ये साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, तर जांभ्यात ती दोन आकडी होऊ शकते.

उन्हाबाबत थोडक्यात इतकेच, की गडद कडप्पा फिकट कोट्यापेक्षा जास्त ऊर्जा शोषतो आणि घट्ट दगड ती उष्णता तळव्यात चटकन सोडतो; जिथे अनवाणी वावर आहे तिथे फिकट रंग बरा.

उत्तम दगडही वाईट बसवला तर वाया जातो. दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार, घरापासून बाहेरच्या दिशेने, हवाच. जिथे गाडी येणार नाही तिथे रेतीच्या थरावर, सांधे मोकळे ठेवून लाद्या बसवल्या तर पाणी जमिनीत मुरते. सिमेंटवर बसवायच्या असतील तर लादीखाली माल सर्वत्र पसरलेला असावा. फक्त चार कोपऱ्यांत गोळे ठेवून वर लादी टेकवली, तर मधल्या पोकळीत पाणी साचते, सिमेंटमधील विद्राव्य क्षार त्याच्याबरोबर वर येऊन पांढरे डाग पडतात आणि पातळ लादी वजनाखाली तडकते. गवंडी निघण्यापूर्वी प्रत्येक लादी लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवून घ्यावी, कारण माल पक्का झाल्यावर लादी सहसा अखंड निघत नाही.