रोजच्या वापरासाठी जुनी स्पोर्ट्‌स कार: घेण्याआधी आणि घेतल्यावर

हे माहितीपत्रक आमच्याकडे खरेदीपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी आहे. आम्ही गाड्या विकत नाही, तपासतो आणि दुरुस्त करतो. त्यामुळे तुम्ही कुठली गाडी घेता यात आमचा काही फायदा-तोटा नाही. बरेच जण येतात तेव्हा गाडी मनात पक्की झालेली असते, विसारही दिलेला असतो, आणि आमच्याकडून "तसं मोठं काही नाही" एवढंच ऐकायचं असतं. शक्य असेल तर विसार देण्याआधी हे वाचा.

कमी किलोमीटरचा मोह

"१२ वर्षांत फक्त १८,००० किलोमीटर" अशी जाहिरात दिसली की विकणाऱ्याचा फोन खणखणायला लागतो. गाडी शोभेला ठेवायची असेल तर जरूर घ्या. रोज कामावर न्यायची असेल तर मात्र दोनदा विचार करा. गाडी नुसती उभी राहिली तरी तिचं वय वाढतच असतं. ऑइल सील कोरडे पडतात, कुलंटचे होज कडक होतात, टाकीतलं शिळं पेट्रोल इंजेक्टरमध्ये चिकटून बसतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि कॅलिपर आतून गंजायला लागतात. उभ्या गाडीत यातलं काहीच जाणवत नाही. नवा मालक ती रोज चालवायला लागतो आणि पहिल्या काही महिन्यांत एकेक होज, सील आणि बुश हात टेकतात.

अशीच एक चकचकीत गाडी मध्यंतरी आमच्या लिफ्टवर होती. रंगावर ओरखडा नाही, टायरची नक्षी जवळजवळ नवी. खालून टॉर्च मारून टायरची आतली बाजू पाहिली, तर लंबगोल चौकटीत "३४१२" असे आकडे होते, म्हणजे २०१२ सालचा ३४ वा आठवडा. अंगठ्याने रबर दाबल्यावर खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या. टायर झिजलेच नव्हते, त्यामुळे ते बदलावेत असं मालकाला कधी वाटलंच नव्हतं. २००० सालापासूनच्या टायरवर हे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याचदा ते आतल्या बाजूला असतात, तेव्हा वाकून पाहायला लाजू नका. ६ वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या. १० वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका.

आम्हाला विचाराल तर वयाच्या मानाने मध्यम चाललेली आणि दरवर्षीची बिलं जपून ठेवलेली गाडी घ्या. मीटरवर लाखाच्या पुढचा आकडा असला म्हणून दचकू नका. बिलं हातात आली की तारखेप्रमाणे लावून त्यांवरचे किलोमीटर वाचत जा. मीटर मागे फिरवलेला असेल तर बहुतेक वेळा तो इथेच पकडला जातो. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट यांची बिलं सापडली तर मालक गाडी जपणारा होता असं समजा.

गाडी स्वस्त झाली, सुटे भाग स्वस्त झाले नाहीत

नवी असताना जिची किंमत ऐकून आपण मागे फिरलो असतो ती गाडी दहा वर्षांनी आवाक्यात येते. तिच्या ब्रेक डिस्क, शॉक ॲब्सॉर्बर आणि क्लच मात्र अजूनही त्या मूळ महागड्या गाडीचेच असतात. म्हणून सौदा ठरवण्याआधी चार गोष्टींचे दर काढा: टायरचा पूर्ण संच, पुढच्या डिस्क आणि पॅड, फ्लायव्हीलसह क्लच, आणि सस्पेन्शन इलेक्ट्रॉनिक असेल तर एक शॉक ॲब्सॉर्बर. विम्याचा हप्ताही त्याच दिवशी विचारून ठेवा. पहिल्या वर्षासाठी गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवावी, असं आम्ही सांगतो. सगळं बजेट गाडी घेण्यातच संपत असेल तर एक पायरी खालचं मॉडेल घ्या. खाली उतरलेले ग्राहक सहसा तक्रार करत नाहीत.

काही मॉडेल आणि त्यांच्या खोडी

रोजच्या वापरासाठी एकच नाव सांगा असं कुणी म्हटलं तर आम्ही माझदा एमएक्स-५ म्हणजे मियाटा सांगतो. १९८९ पासून तिच्या चार पिढ्या आल्या. गाडी हलकी आहे, सुटे भाग मुबलक आहेत आणि बॉनेटखाली मेकॅनिकला हात घालायला जागा आहे. पहिल्या दोन पिढ्यांना टायमिंग बेल्ट आहे, तो साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा; २००५ च्या तिसऱ्या पिढीपासून चेन आली. या गाडीचं इंजिन टिकतं, पत्रा जातो. कापडी छपरावरचं पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जायला हवं. नळ्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडत बाहेर येतो. मागच्या चाकांच्या पुढे रंगाला बारीकसा फुगा दिसला तर आत भोक पडलेलं आहे असंच धरून चाला. तेवढीच जागा नव्याने रंगवलेली दिसली तर कापडात गुंडाळलेलं चुंबक लावून बघा; पुट्टी भरलेली असेल तर ते चिकटत नाही.

पोर्शेच्या १९९६ च्या बॉक्स्टरबद्दल (९८६) आणि १९९७ च्या ९११ बद्दल (९९६) सर्वांत जास्त प्रश्न येतात, कारण पोर्शे म्हणून त्या सगळ्यांत स्वस्तात मिळतात. त्यांच्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्ट, म्हणजे क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे नेणारा मधला दांडा, आहे आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग आहे. आतलं ग्रीस धुऊन गेलं की बेअरिंग झिजतं, शाफ्ट जागा सोडतो, टायमिंग बिघडतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिनच गेलं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं, ते तुलनेने टिकतं. साधारण २००० ते २००५ च्या गाड्यांत एकेरी रांगेचं आलं, बदनामी मुख्यतः त्याची. २००६ ते २००८ मध्ये मोठं बेअरिंग बसवलं गेलं, पण ते इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, त्यांना ही अडचण नाही.

म्हणून गाडी टाळायलाच हवी असं नाही. एकेरी आणि दुहेरी रांगेच्या बेअरिंगपर्यंत गिअरबॉक्स उतरवला की हात पोहोचतो, म्हणजे क्लच बदलताना त्याच मजुरीत बेअरिंगही बदलता येतं. दोन्ही कामांचं बिल एकाच तारखेचं असेल तर आम्हाला ती गाडी आवडते. बिल नसेल तर जुना ऑइल फिल्टर कापून आतल्या घड्यांमध्ये धातूचे चमकदार कण आहेत का ते आम्ही पाहतो. कमी चाललेल्या आणि ऑइल क्वचित बदललेल्या गाड्यांवर विश्वास ठेवू नका, असं या इंजिनांवर काम करणारे बहुतेक जण सांगतात. आमचंही मत तेच.

होंडा एस२००० (१९९९ ते २००९) घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिचं पहिलं दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास जातं आणि खरी मजा ६,००० च्या पुढे आहे. गर्दीतल्या रस्त्यावर तो भाग तुमच्या वाट्याला येणारच नाही. इंजिन मजबूत आहे, पण ऑइल पिऊ शकतं. दर दोन टाक्यांमागे डिपस्टिक ओढून पाहायची सवय नसेल तर ही गाडी तुमची नाही.

माझदा आरएक्स-८ (२००३ ते २०१२) रोटरी इंजिनाची आहे. ती मुद्दामच थोडं ऑइल जाळते, तो बिघाड नाही. तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आत तयार होणारा दाब, साध्या गेजने मोजू देऊ नका. रोटरच्या तिन्ही बाजूंचा आकडा वेगवेगळा देणारं रोटरीचं खास यंत्र लागतं. थंड इंजिन सुरू करून गाडी जराशी हलवली आणि लगेच बंद केली की इंजिनात पेट्रोल साचतं आणि मग ती सुरू होत नाही. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचा असेल तर आम्ही हिच्याबद्दल सरळ नाही म्हणतो.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसतो तिथला पत्रा तडकतो. लिफ्टवर घेतल्याशिवाय ही गाडी घेऊच नका. टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेड २०१२ पासूनच्या. सुरुवातीच्या, २०१२-१३ च्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी २०१८ मध्ये परत बोलावल्या गेल्या होत्या. ते काम झालंय का, कुणी केलं आणि त्यानंतर गाडी किती चालली, एवढं विचारा. बाकी मागे सामान ठेवायला बरी जागा असलेली ही समजूतदार गाडी आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर गप्पा मारता मारता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "ट्रॅफिकमध्ये बाहेर काढावी लागली" वगैरे कारणं ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड इंजिनाची पहिली काही सेकंदं तासाभराच्या टेस्ट ड्राइव्हपेक्षा जास्त सांगून जातात. चेनचा खडखडाट किती वेळ टिकतो? सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत पांढरी वाफ थोडा वेळ दिसणारच. पण इंजिन तापल्यावरही ती गोडसर वासासकट येत राहिली तर हेड गास्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या सीलचा, संशय घ्या.

स्कॅनर लावून "एरर नाही" दाखवलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. आदल्या दिवशी एरर पुसून टाकणं कुणालाही जमतं. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, "अपूर्ण" दिसायला लागतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. आम्ही आधी तेच पाहतो. पोर्शेसारख्या काही गाड्यांच्या संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याचीही नोंद असते. पाचव्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की इंजिन काय भोगतं, ते त्या नोंदीत दिसतं.

एक चाचणी तुम्हीच करायची आहे, आम्ही ती करू शकत नाही. सीटवर अर्धा तास बसून पाहा. अरुंद पार्किंगमध्ये दार अर्धंच उघडून उतरा. मागे वळून बघा, काय दिसतं? क्लच लागोपाठ वीसेक वेळा दाबा. गुडघ्याने कुरकुर केली तर ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ड्युअल क्लच घेतलात तर तिचं ऑइल वेळेवर बदलल्याचं बिल मागा.

रोज चालवताना

इंजिनाचं खरं नुकसान वेगापेक्षा छोट्या फेऱ्यांनी होतं. कुलंटचा काटा मधोमध आला म्हणून ऑइल तापलं असं नाही; ते बरंच मागून येतं. तोवर ३,००० फेऱ्यांच्या आत राहा आणि सुरू करून जागेवर रेझ तर अजिबात करू नका. ऑइल पुरेसं तापलंच नाही तर त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून रोजचं अंतर कमी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, आणि ऑइल किलोमीटर न बघता वर्षाला बदला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत. मागची जोडी आधी संपणार हे गृहीत धरा. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर एकच नवा टायर टाकून काम भागवू नका, घेराच्या फरकाचा ताण थेट ट्रान्समिशनवर येतो. स्पोर्ट्‌स गाड्यांचे उन्हाळी टायर ७ अंशांच्या खाली कडक होतात, पकड सोडतात. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरच्या द्रावणाची बाटली असते. तिच्यावरची मुदत वाचा. उंच गतिरोधक आणि तळघरातल्या पार्किंगचा उतार तिरकस घ्या, एक चाक आधी. तरी कधीतरी घासणारच. बंपरखालचं प्लॅस्टिक त्यासाठीच आहे.

बदल केलेल्या गाड्या

थोडक्यात, घेऊ नका. मूळ भाग सोबत मिळत असतील आणि ट्यूनिंग कुणी केलं त्याची कागदपत्रं असतील तर बोलू. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर टेस्ट ड्राइव्हमध्ये भारी वाटतो. एका लयीत महामार्गावर तासभर चालवल्यावर डोकं भणभणतं. बदलांची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो.

आमच्याकडे तपासणीला आणताना

गाडी रात्रभर उभी असावी आणि सकाळी आमच्याच दारात पहिल्यांदा सुरू व्हावी, हे सर्वांत चांगलं. जमणार नसेल तर ट्रेलरवरून आणा किंवा आम्हाला विकणाऱ्याच्या जागी बोलवा. सोबत नोंदणीची कागदपत्रं, जुनी सगळी बिलं आणि दोन्ही किल्ल्या हव्यात. चेसिस नंबरची १७ अक्षरं कागदांवर, काचेखाली आणि पत्र्यावर सारखीच आहेत का हे आम्ही आधी जुळवतो. जुळली नाहीत तर पुढचं काही तपासत नाही. रंगाची जाडी, कॉम्प्रेशन, लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते पाहणं) आणि खालची पाहणी धरून अर्धा दिवस लागतो. विकणारा लीक-डाउन करू देत नसेल तर आम्हाला फोन करा, गाडी आणायची तसदी घेऊ नका.