गाडी पासिंगचे एवढे पैसे कसले? (आणि येताना फोन स्वतःचा आणा)

आमचं आरटीओच्या कामाचं ऑफिस आहे, रोज सकाळी शटर वर केलं की पहिला प्रश्न ठरलेला, जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आलेल्याचा. "अहो मागे तीनशेत झालं होतं, आता हजार कसले सांगता?" नाहीतर नवीन गाडीवाल्याचा, "नेटवर लाख दाखवतंय, शोरूमवाला एक लाख अठरा सांगतोय, मधले तुम्ही लोकं खाता का?" दिवसातून दहा वेळा तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून शेवटी छापूनच घेतलं. काऊंटरवरून एक उचला, व्हॉट्सॲपवर पण पाठवू, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत तरी आमची हरकत नाही, उलट बरंच आहे.

आधी नवीन गाडीचं. समजा 125 सीसीची गाडी, एक्स-शोरूम बरोबर 1 लाख. महाराष्ट्रात बाईकचा टॅक्स एकदाच भरायचा असतो आणि तो टक्क्यावर आहे, 99 सीसीपर्यंत 10 टक्के, त्यावर 299 पर्यंत 11 आणि त्याच्यापुढे 12. म्हणजे या गाडीला 11,000 तिथेच गेले. मग रजिस्ट्रेशनची फी 300, स्मार्ट कार्डाचे 200, लोनवर घेतली असेल तर बोजा (म्हणजे रेकॉर्डला बँकेचं नाव) चढवायचे 500. आणि मग इन्शुरन्स, जो लोकं हिशोबात धरतच नाहीत. सप्टेंबर 2018 पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नव्या बाईकला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, जून 2022 पासूनच्या दराने 75 ते 150 सीसीला 3,851, वर 18 टक्के जीएसटी, झाले 4,544. इथपर्यंत 16,544 झाले आणि अजून गाडीचा स्वतःचा विमा नि मालकाचा अपघात विमा बाकीच आहे. आता सांगा, यात आम्ही कुठे खाल्ले?

खरं म्हणजे सरकारी फी सगळ्यात कमी वाढल्यासारखी दिसते. 2016 च्या डिसेंबरपर्यंत बाईकची रजिस्ट्रेशन फी 60 रुपये होती, तिचे 300 झाले, पाचपट म्हटलं तरी रुपयात 240 च. मोठी वाढ टॅक्समध्ये आहे आणि ती गुपचूप होते. जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली, मुलुंड-दहिसरच्या नाक्यावरच्या त्या रांगा आठवत असतील, आणि त्याच वर्षी राज्याने गाड्यांचा टॅक्स दोन टक्क्यांनी वाढवला. पण त्यानंतर टक्का तोच असूनसुद्धा रक्कम चढत गेली, कारण टक्का किमतीवर लागतो ना. 2019 ला 125 सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना एबीएसचे ब्रेक लागले, 2020 ला धुराचा बीएस-6 नियम आला, कंपनीने किंमत वाढवली की टॅक्स आपोआप वाढला, कुठेही बातमी नाही काही नाही. आणि हा टॅक्स जीएसटी धरून जी किंमत येते तिच्यावर लागतो. करावर कर. मला विचाराल तर हे काही बरोबर नाही, पण काऊंटरच्या अलीकडे बसून मी काय करणार.

याच्या उलटं पण झालंय ते कोणी सांगत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. मूळ किंमत 1 लाख धरा. आधी 1,28,000 व्हायचे आणि त्याचे 11 टक्के 14,080. आता 1,18,000 आणि टॅक्स 12,980. म्हणजे जीएसटीत 10,000 वाचले ते वाचले, आरटीओत पण 1,100 कमी. साडेतीनशेच्या वरच्या गाड्यांचं मात्र उलटं, तिथे सेस धरून 31 होतं त्याचे 40 झाले, त्यामुळे मोठ्या बाईकवाल्या भावांनी आमच्यावर चिडू नये.

इथे एक गोष्ट बुकिंगच्या आधी बघून ठेवा, नंतर उपयोग नाही. सीसीचे पट्टे सगळीकडे वेगवेगळे आहेत. टॅक्सचा पट्टा 299 ला बदलतो, जीएसटीचा 350 ला, आणि इन्शुरन्सचा 150 ला आणि 350 ला. 149 सीसीच्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी 3,851 आणि 155 सीसीच्या गाडीला 7,365, जीएसटी वेगळा. सहा सीसीसाठी जवळजवळ डबल. 349 सीसीची गाडी जीएसटीला लहान पण टॅक्सला मोठी, 12 टक्केवाली. गाडी आवडली असेल तर घ्याच, हौसेला मोल नाही, फक्त मग आमच्याकडे येऊन "मित्राला तर कमी पडले" म्हणू नका, मित्राची गाडी कुठली ते विचारा आधी. आणि हो, कंपनीच्या नावावर गाडी घ्यायची असेल तर टॅक्स दुप्पट लागतो, 11 चे 22, तेव्हा सीएला विचारूनच बिल बनवा. इलेक्ट्रिकला इथे टॅक्स माफ आहे, रजिस्ट्रेशन फी पण नाही. शेजारच्या राज्यातून स्वस्त पडली म्हणून आणलेली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे राहिली तर एमएच नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्स इथला परत, गाडीच्या वयाप्रमाणे. तिकडचा परतावा मिळवायला वेगळ्या चपला झिजवायच्या.

आता जुन्या गाड्या, जिथे खरा गोंधळ आहे.

पंधरा वर्षं झाली की आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशनचं कार्ड) संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायची. ही फी 1 एप्रिल 2022 पासून बाईकला 300 ची 1,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षं उलटलेल्या गाडीला 2,000. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या लोकांनी काढून टाकाव्यात असाच सरकारचा विचार आहे, ते लपवत पण नाहीत. पण मंडळी, हजार-दोन हजाराने कोणी बुडत नाही, माणूस बुडतो उशिराने. मुदत संपल्यावर दर महिन्याला 300 दंड लागतो, महिन्याचा एक दिवस जरी वर गेला तरी पूर्ण महिना धरतात. वर्षभर राहिलं तर 3,600, म्हणजे फीच्या साडेतीनपट. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, तरी आमच्याकडे येणाऱ्यातले बरेचसे संपल्यावरच येतात, गाडी ताडपत्रीखाली पडून होती हो, चालवतच नव्हतो. चालवा नाहीतर झाकून ठेवा, महिना मोजला जातोच.

आणि उशीर का होतो? ज्याच्यासाठी हा कागद छापला ते आता सांगतो, बाकीचं नाही वाचलं तरी एवढं वाचा. मोबाईल नंबर. आरटीओच्या रेकॉर्डला तुमच्या गाडीपुढे जो मोबाईल नंबर आहे त्यावर ओटीपी जातो आणि तो नंबर तुमचा नसतो. कोणाचा असतो? शोरूमच्या सेल्समनचा, कारण तेव्हा घाई होती, पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी काढायची होती, तुम्ही म्हणालात टाका काहीतरी, आणि तो मुलगा आता कुठे आहे कोणाला माहीत नाही. भाच्याचा असतो. बंद पडलेल्या सिमचा असतो, जे आता दुसऱ्याच कोणाला मिळालंय. खूप जुन्या गाड्यांना तर नंबरच नसतो. आणि सेकंडहँड घेतलेली असेल तर विकणाऱ्याचा, जो पैसे घेऊन गावाला गेला आणि फोन उचलत नाही, किंवा उचलतो आणि म्हणतो ओटीपी नाही देणार, आजकाल फ्रॉड फार आहेत. त्याचं पण चूक नाही.

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरचे एक काका आले होते, स्वभावाने एकदम चांगले, गाडी अशी ठेवलेली की नवी वाटावी. आरसी संपायला वीस दिवस बाकी, म्हटलं हे काम तर आरामात. फाईल केली, चेसी नंबरचा पेन्सिल प्रिंट काढला, पीयूसी होतं, इन्शुरन्स होता, ओटीपी टाकायला गेलो तर रेकॉर्डला जो मोबाईल नंबर होता त्याचे शेवटचे चार आकडे काकांनी कधी पाहिलेच नव्हते. बरं, आधारवरून नंबर बदलू म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर मुलीचा, मुलगी नोकरीसाठी परदेशात, तिचं ते सिम बंद. मग आधी आधार केंद्रात रांग, तिथे नंबर अपडेट व्हायची वाट, मग नाव बघितलं तर आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आरसीवर दुसरं. सव्वादोन महिने गेले. दंडाचे 600 लागले आणि काका आम्हालाच म्हणाले तुम्ही लोकं काम लांबवता. आम्ही चहा मागवला, काय बोलणार.

म्हणून आज, हा कागद हातात असतानाच, एक काम करा. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर जाऊन गाडीला कुठला नंबर लागलाय ते बघा. दुसऱ्याचा असेल तर तिथेच मोबाईल नंबर बदलायची सोय आहे, गाडीचा नंबर, चेसी नंबर, इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख, हे सगळं आरसीवर लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत, आमची पण गरज नाही. जमत नसेल तर आमच्याकडे या, आम्ही करून देतो, नुसत्या नंबर बदलायचे आम्ही काही घेत नाही. आधार कुठल्या मोबाईलला जोडलंय ते पण त्याच वेळी बघून घ्या. आणि नाव. आपल्याकडे नावाची मजा असते, आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, दीपकच्या स्पेलिंगमध्ये डबल ई का आय, ताईंचं आरसीवर सासरचं नाव आणि आधारवर अजून माहेरचं. हे आधी कळलं तर आधी नीट करता येतं. पावती फाडल्यावर कळलं तर सगळं पहिल्यापासून.

नवीन गाडी घेताना पण हेच लक्षात ठेवा. शोरूममध्ये फॉर्मवर नंबर लिहिताना तुमचाच लिहा, बायकोच्या नावाने गाडी असेल तर तिचाच लिहा, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर आला का बघा. जुनी गाडी विकत घेत असाल तर पूर्ण पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला बरोबर बसवून ओटीपीचं काम उरका, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या घेऊन समाधान मानू नका. तीस दिवसांत नावावर करायला द्यायची असते. लोन फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 कपाटात ठेवून बोजा उतरत नाही, तो आरटीओत उतरवावा लागतो, हे दर आठवड्याला कोणाला तरी नव्याने कळतं.

आमच्यावर एक राग लोकांचा नेहमी असतो, तो पण बोलून टाकतो. आम्ही म्हणतो गाडीचा मालक स्वतः या, फोन घेऊन या. लोकं म्हणतात बाजूचा एजंट तर नुसत्या झेरॉक्सवर करतो, फोनवरच ओटीपी घेतो. घेत असेल. आम्ही फोनवर ओटीपी मागत नाही आणि मागणार पण नाही, आमच्या ऑफिसच्या नावाने कोणी मागितला तर देऊ नका. सध्या व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावाने ॲपच्या फायली फिरतायत, उघडली की बँकेतले पैसे जातात, अशा दिवसात आपला ओटीपी आपणच टाकलेला बरा. तुमचा अर्धा तास जातो हे मान्य, कुर्ल्याहून-मुलुंडहून येणं सोपं नाही हे पण मान्य, पण नंतर वडाळ्याच्या आरटीओच्या तीन फेऱ्या वाचतात. आणि दुसरं, आमचा सर्व्हिस चार्ज आम्ही सरकारी फीमध्ये मिसळत नाही. सरकारी पावती तुमच्या नावाची तुम्हाला मिळते, आमचं बिल वेगळं मिळतं, दोन्ही जुळवून बघा. सगळं मिळून एवढे-एवढे असं जो तोंडी सांगतो त्याच्याकडे पावत्या मागून बघा एकदा.

एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबद्दल थोडक्यात. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला ती लावलेली नसेल तर आरटीओत नाव बदलणं, पत्ता, बोजा, काहीच काम होत नाही. बाईकला 450 अधिक जीएसटी, 531 पडतात. सरकारी साइटवरून मिळणाऱ्या लिंकनेच बुक करा, गुगलवर पहिली दिसली त्यावर पैसे भरू नका, नकली बऱ्याच आहेत. आम्ही बुक करून देतो, पण प्लेट बसवायला गाडी सेंटरवर तुम्हालाच न्यायची आहे.

येताना काय आणायचं ते फोनवर विचारलंत तरी सांगू. आरसी, आधार, पॅन, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, रिन्युअल असेल तर गाडी पण, कारण इन्स्पेक्टर बघितल्याशिवाय पुढे जात नाही. चलान बाकी असतील तर आधी भरून टाका. शनिवार-रविवार आरटीओ बंद असतं पण आम्ही शनिवारी दुपारपर्यंत असतो, कागद तपासायला तीच वेळ चांगली, गर्दी नसते. सोमवारी सकाळी सर्व्हर कधी चालेल याची खात्री नसते, तेव्हा दुपारनंतर या. आणि फोन चार्ज करून आणा, आमच्याकडे चार्जर एकच आहे.