बारा व्होल्टची पट्टी, अठ्ठेचाळीस व्होल्टची गाडी

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घोड्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये त्याच घाटाच्या, विजेवर चालणाऱ्या बग्ग्या दक्षिण मुंबईत दिसू लागल्या. घोडा गेला तरी रात्रीच्या बग्गीची रोषणाई मात्र लोकांना हवीच असते. आता ही हौस मोठ्या गृहसंकुलांतल्या बॅटरी गाड्यांपर्यंत, म्हणजे गोल्फ कार्टपर्यंत पोहोचली आहे. एरवी आजी-आजोबांना गेटपासून इमारतीपर्यंत सोडणाऱ्या गाडीला गणपतीत दिवे लावायचे ठरतं. विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, एलईडी पट्टीचा पाच मीटरचा रोल येतो. त्याच्या मागे चिकटपट्टी असतेच, त्यामुळे एका संध्याकाळीत काम उरकतं.

सोसायटीतल्या ज्येष्ठांची पहिली शंका ठरलेली: दिव्यांनी बॅटरी उतरेल का? हिशेब करून पाहू. साध्या एकरंगी पट्टीत मीटरला ६० छोटे एलईडी असतात आणि ती मीटरमागे सुमारे ४.८ वॉट खाते. पाच मीटरला झाले २४ वॉट. चार तास लावली तर ९६ वॉट-तास. गाडीत ४८ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांचा संच असेल, तर त्यात ७,२०० वॉट-तास साठतात. म्हणजे चार तासांच्या रोषणाईला दीड टक्क्याहूनही कमी वीज लागली. भरलेली गाडी उतारावरच्या पार्किंगमधून वर चढताना तीन किलोवॉट ओढत असेल, तर तेवढी वीज ती दोन मिनिटांत संपवते. रंग बदलणारी पट्टी मीटरला १४.४ वॉटपर्यंत जाते, तरीही हिशेब चार टक्क्यांवर थांबतो.

तेव्हा दिवे किती वीज खातात याची काळजी नको. ती वीज कुठून घेतली, हे मात्र नीट पाहायला हवं. संचाचं आयुष्य तिथेच ठरतं आणि बहुतेक जोडण्या तिथेच चुकतात.

गाडीच्या सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा किंवा बारा-बारा व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या एकापुढे एक, मालिकेत जोडलेल्या असतात. पट्टी बारा व्होल्टची असते. चार बॅटऱ्यांचा संच समोर दिसला, की कुणीही त्यातल्या एकीच्या दोन टर्मिनलांवर वायरी लावून मोकळा होतो. दिवे छान लागतात आणि गाडीही चालते. बिघाड लगेच दिसतच नाही.

मालिकेतल्या सगळ्या बॅटऱ्यांमधून एकच प्रवाह वाहतो, उतरतानाही आणि चार्ज होतानाही. पंगतीत वाढपी प्रत्येकाच्या पानात मोजून सारखंच वाढत जातो, कुणाची भूक किती हे तो विचारत नाही. चार्जरचंही तसंच असतं. दिव्यांनी एका बॅटरीतून रोज आठ अँपिअर-तास जास्तीचे काढलेले असतात, पण चार्जरला दिसतो फक्त सगळ्यांचा मिळून होणारा व्होल्टेज. समजा, चार्जर ५७.६ व्होल्टला पोहोचला. दिवे लावलेली बॅटरी अजून १३.२ वरच असेल, तर उरलेल्या तिघींच्या वाट्याला प्रत्येकी १४.८ व्होल्ट येतात. त्या तिघी गरजेपेक्षा जास्त चार्ज होतात, त्यांतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातो. चौथी अर्धपोटी राहते. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि ते पुन्हा विरघळायला फार त्रास देतात. दहा दिवसांच्या उत्सवात हा फरक वाढत जातो. पुढे कधीतरी गाडी चढावर दम टाकते, तेव्हा दिव्यांची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

आठ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील तर आणखी एक घोळ होतो. दोन बॅटऱ्यांवरून वीज घेतली की १६ व्होल्ट मिळतात, आणि ‘चारच तर जास्त आहेत’ असं वाटतं. पट्टीची रचना पाहिली की या चारांची किंमत कळते. पट्टीवर दर तीन एलईडींच्या जोडीला एक रेझिस्टर असतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांचे झाले नऊ. बारांतले उरलेले तीन व्होल्ट रेझिस्टर स्वतःवर घेतो आणि प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास रोखतो. एलईडी बल्बसारखा वागत नाही. व्होल्टेज थोडं वाढलं तरी त्यातला प्रवाह झपाट्याने चढतो, म्हणून त्याला असा राखणदार लागतो. १६ व्होल्ट दिले की जादाचा जवळजवळ सगळा भार रेझिस्टरवर येतो. प्रवाह साधारण दुप्पट होतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे रेझिस्टर चौपट तापतो. सीटच्या रेक्झिनखाली किंवा फोमजवळ अशी पट्टी असणं मला अजिबात मान्य नाही.

योग्य मार्ग सोपा आहे. संपूर्ण ४८ व्होल्टच्या दोन टोकांवरून वीज घ्यायची आणि डीसी-टू-डीसी कन्व्हर्टरने ती बारावर आणायची (डीसी म्हणजे बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी वीज). मग सगळ्या बॅटऱ्या सारख्याच उतरतात. हा कन्व्हर्टर उरलेले ३६ व्होल्ट उष्णतेत जाळत नाही. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि गुंडाळी तो तुटक प्रवाह सलग करते. खरेदी करताना तो इनपुटला किती व्होल्ट सोसतो हे विचारावं, कारण चार्जिंगच्या वेळी ४८ चा संच ६० च्या जवळ जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा संचही ५८.४ पर्यंत चढतो. अनेक कार्टमध्ये बॅटरीचा ऋण ध्रुव सांगाड्याला जोडलेला नसतो. म्हणून इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून अलग ठेवणारा, म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्यावा, आणि मोटारसायकलसारखी ‘बॉडी अर्थ’ करू नये, म्हणजे ऋण वायरीऐवजी सांगाडाच वापरू नये. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर मध्येच कुठे सोलवटली, तर फ्यूजच्या पुढचाच भाग सुरक्षित राहतो. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला मात्र कुणाचंच संरक्षण नसतं.

मुंबईत यापुढचा शत्रू हवा आणि पाऊस. गणपती बहुतेकदा पावसातच येतात आणि समुद्राकडच्या हवेत मीठ असतं. उघड्या सांध्यावर खारट ओल बसली आणि तिच्यावर बारा व्होल्ट असले, की तिथे विद्युत अपघटन सुरू होतं. धन बाजूचं तांबं विरघळत जातं, म्हणून हिरवा थर प्लसच्या टोकाला आधी दिसतो. पट्टी आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी, घेऊनही उपयोग होत नाही, कारण आपण ती कात्रीने कापतो आणि नेमकं ते टोक उघडं राहतं. ते सिलिकॉनने बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळावं. ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली ट्यूब मागावी.

लांब पट्टीचं दूरचं टोक मंद दिसतं, कारण पट्टीतला तांब्याचा पत्रा पातळ असतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. रंगीत पट्टीत तर पांढरा प्रकाश टोकाकडे लालसर होत जातो. लाल एलईडीला दोनच व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्यांना तीन लागतात, त्यामुळे ते आधी मलूल होतात. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज दिली की हे बरंच सुधारतं. यातल्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारातला बहुतेक पांढरा एलईडीही मुळात निळाच असतो, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाने उजळणारा लेप, लावलेला असतो.

पट्टी कुठे लावावी, याला डोळ्यांचंही गणित आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि डोळ्यांसमोरचा निळसर-पांढरा झगमगाट तो सराव क्षणात मोडतो. लाल-केशरी प्रकाश त्या मानाने सौम्य पडतो. डॅशबोर्डवर लावलेली पट्टी समोरच्या काचेत उमटते आणि चालकाला रस्त्यावरचं मूल दिसत नाही. म्हणून पट्टी पायऱ्यांखाली, सांगाड्याच्या आतल्या कडेला, जमिनीकडे तोंड करून लावावी. एलईडी स्वतः दिसू नये, त्याचा फरशीवर पडलेला उजेड दिसावा. चढता-उतरताना आजींना पायरीची कडही स्पष्ट दिसते आणि मला तरी हा या सजावटीचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. पुढच्या बाजूला लाल रंग नको. रस्त्यावरच्या वाहनांना तो नियमानेच वर्ज्य आहे. अंधारात वाहन येतंय की जातंय हे आपण पुढचा पांढरा आणि मागचा लाल यांवरूनच ओळखतो. संकुलाच्या आतही ही सवय मोडू नये.

कन्व्हर्टर दिवे बंद असतानाही थोडी वीज पीत राहतो, म्हणून स्विच त्याच्या आधी, ४८ व्होल्टच्या बाजूला घालावा. तो डीसीसाठीचाच घ्यावा. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीत तशी उसंत नसते. ज्या गाडीला आधीच एका बॅटरीवरून दिवे जोडलेले आहेत, तिच्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, काही तास तशाच ठेवून मल्टिमीटरने एकेक मोजाव्यात. निरोगी आठ व्होल्टची बॅटरी ८.५ च्या आसपास दाखवते, बाराची १२.७ च्या. एखादी मागे पडलेली दिसली, तर आधी ती जोडणी काढावी आणि मग त्या बॅटरीला तिच्याच व्होल्टेजच्या वेगळ्या चार्जरवर एकटीला पूर्ण चार्ज करून घ्यावं.