संघबांधणी आणि माणसे सांभाळण्याचे कौशल्य : सोलापूरच्या संदर्भात

कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचे ऐकून घेणे, समजेल असे सांगणे, न दुखावता चूक दाखवणे आणि स्वतःची चूक वेळेत कबूल करणे यांसाठी जी हातोटी लागते, तिला व्यवस्थापनशास्त्रात आंतरवैयक्तिक कौशल्य म्हणतात. बोलीत तिलाच ‘माणसे सांभाळणे’ असा साधा शब्द आहे. वेगवेगळी कामे करणारी माणसे एका उद्दिष्टासाठी एकमेकांवर विसंबून राहतील असा गट उभा करणे म्हणजे संघबांधणी. या विषयावरील बरेचसे मार्गदर्शन स्वभावावर भर देते : हसून बोला, नावाने हाक मारा, राग आवरा. त्यात चूक काही नाही, पण ते अपुरे आहे. सोलापूरसारख्या मागांच्या शहरात पाहिले, तर माणसे एकमेकांशी कशी वागतात हे बरेचसे काम कसे वाटून दिले आहे यावर ठरलेले दिसते. वाटणीच भांडण लावणारी असेल, तर गोड बोलणारा माणूसही तिथे फार दिवस गोड राहत नाही.

मागावरची साखळी

सोलापुरात १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग ही गिरणी सुरू झाली. लोक तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. त्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबल्यालाही आता बराच काळ लोटला. शहराचे नाव यंत्रमागावरच्या चादरीने आणि टॉवेलने टिकवले, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत फिरले की मागांचा खडखडाट रस्त्यावरच कानी येतो.

एक चादर बऱ्याच हातांतून जाते. सूत रंगवणारा, कांड्या भरणारी, ताण्याचा बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ तयार करणारा, नवा बीम चढवून त्याचे धागे जुन्या धाग्यांना जोडणारा, माग चालवणारा विणकर, जकार्ड (नक्षी विणणारे मागावरचे यंत्र) आणि माग दुरुस्त करणारा मास्तर, शेवटी कापून, तपासून घडी घालणाऱ्या बाया. या साखळीची खोड अशी की चूक एकाच्या हातून होते आणि दिसते दुसऱ्याच्या हातात. रंगाची एक खेप फिकी निघाली तर ते चादरीवर पट्टा उठल्यावर कळते, तोवर शिव्या विणकराने खाल्लेल्या असतात. विणकराची मजुरी विणलेल्या मालावर असेल, तर मास्तर यायला लागलेला अर्धा तासही त्याच्याच खिशातून जातो. इथे ‘संवाद वाढवा’ असे फलक लावून काय होणार? आधी एवढेच करायला हवे की रंगवणाऱ्याने आपला रंग मागावर कसा उतरतो ते आठवड्यातून एकदा तरी मागाशेजारी उभे राहून पाहावे, आणि विणकराला तक्रार मालकाकडे न नेता थेट रंगवणाऱ्यापाशी नेता यावी.

जॉबरकडून गटाकडे

गिरणीच्या काळात माणसे सांभाळण्याचे काम जॉबरकडे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाकडे असे. कामगार आणणे, त्यांना शिकवणे, सुट्टी देणे, वेळप्रसंगी उचल देणे आणि स्वतः नाराज झाला तर त्यांना काढूनही टाकणे, हे सारे एकाच माणसाच्या हाती होते. गावाकडून आलेल्या नवख्याला त्याचा आधार वाटे, हेही खरे. पण नोकरीसाठी दस्तुरी, म्हणजे लाच घेण्याची रीत त्याच्यामुळेच रुजली. भारतातील श्रमविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरचे भरतीचे अधिकार काढून घ्यावेत अशी शिफारस केली. लहान कारखान्यांत त्याची सावली अजून दिसते : सगळे निरोप एकाच माणसामार्फत जातात, आणि तो रजेवर गेला की कुणाला काही ठाऊक नसते.

कामगारांच्या आपसातल्या नात्याचा उत्पादनाशी संबंध आहे, ही जाण अमेरिकेत शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२४ ते १९३२ या काळातल्या प्रयोगांनी रुजवली. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली. मागाच्या शहराला त्याहून जवळचा प्रयोग अहमदाबादचा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी १९५३ मध्ये साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांचे खाते अभ्यासले. खात्यात २२४ माग आणि २९ कामगार होते. यंत्रे नवी, तरी उत्पादन अपेक्षेइतके नव्हते आणि खराब कापड बरेच निघे. राईस यांना दोष माणसांत दिसला नाही, वाटणीत दिसला. काम बारीक तुकड्यांत कापलेले होते. विणकराकडे काही माग, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून जास्त, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे आणखी जास्त. त्यामुळे कोणत्याही दोघांचे माग पुरते जुळत नसत. एकाच विणकराला अनेकांची वाट पाहावी लागे आणि ‘आपला’ म्हणावा असा माणूस कुणालाच नसे. राईस यांनी एका लहान गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी द्यावी असे सुचवले. कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी ती कल्पना उचलून धरली आणि गट स्वतःच जमवले. घडी बसायला थोडा काळ गेला, मग उत्पादन वाढले आणि खराबी घटली. त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७५ मध्ये या प्रयोगाचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. काही खात्यांत गटपद्धत विरून गेली होती, मात्र एका ठिकाणी ती १९७० पर्यंत टिकून होती. चांगली रचनाही सांभाळली नाही तर मोडते, हे या पाठपुराव्यातून दिसते.

दोर आणि नंदीध्वज

गट मोठा केला की ताकद त्याच प्रमाणात वाढते, हा समज फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांच्या १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी खोटा ठरवला. माणसांना दोर ओढायला लावला तेव्हा दोघे मिळून आपल्या एकेकट्या ताकदीच्या बेरजेच्या सुमारे ९३ टक्के ओढत, आठ जण मिळून केवळ निम्म्याच्या आसपास. काही ताकद ताल न जुळल्याने वाया जाते, काही ‘बाकीचे आहेतच’ या भावनेने सैलावते. पुढच्या संशोधनात असे आढळले की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता आला की हे सैलावणे बरेच कमी होते.

सोलापूरकराला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघते आणि शहरातील ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त उंच काठी तोल सांभाळत पेलतात. पेलणारा दमला की शेजारचा हात घालतो. काठी डगमगली तर ती कुणाच्या हातात आहे हे हजारो डोळ्यांना दिसत असते, आणि तिला सावरायला कोण धावले हेही दिसते. यात्रेच्या आधी सराव होतो. वेगवेगळ्या समाजांकडे वेगवेगळ्या ध्वजांचा मान असल्याने रांग, वेळ आणि वाट यांचा मेळही घालावा लागतो. श्रद्धेचा सोहळा म्हणून तो मोठा आहेच. संघाचा अभ्यास करणाऱ्यानेही तो एकदा बारकाईने पाहावा : स्पष्ट जबाबदारी, शेजारी तयार असलेला दुसरा हात आणि आधी केलेला सराव या तिन्ही गोष्टी तिथे उघड्यावर दिसतात.

भाषा

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. विणकामात तेलुगूभाषक पद्मशाली समाजाचा वाटा मोठा आहे. कारखान्यात कुणी ‘अण्णा’ असतो, कुणी ‘अक्का’, कुणी ‘मामा’. या हाकांनी अंतर कमी होते, तरी सूचना समजली असे मात्र धरता येत नाही. नवख्या बाईने मान हलवली म्हणजे तिला कळले, असे सुपरवायझर गृहीत धरतो. ती मान हलवते ती बरेचदा आदराने. यावरचा उपाय सोपा आणि फुकटचा आहे : सांगितलेले तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दांत परत सांगायला लावणे. ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘आता तू काय करणार, सांग बरं’ असे म्हटले की खरे कळते.

याच शहरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलले, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या शौर्याची आठवण सारे काढतात. सहकाऱ्याची भाषा शिकण्याचे कष्टही त्या शौर्याइतक्याच आदराने आठवावेत.

चूक बोलून दाखवण्याची मोकळीक

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांकडून औषधोपचारात होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी नोंदल्या जातील अशी अपेक्षा होती, आकडे उलटे आले. खोदून पाहिल्यावर कळले की चांगल्या गटांतील लोक चुका लपवत नव्हते. यातून त्यांनी १९९९ मध्ये ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली : प्रश्न विचारला, शंका काढली किंवा चूक कबूल केली तर आपली फजिती होणार नाही, असा गटातील सर्वांचा विश्वास. गूगलने स्वतःच्या १८० गटांचा अभ्यास केला तेव्हाही गटात कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे महत्त्वाचे ठरले आणि ही मोकळीक पहिल्या क्रमांकावर आली.

आपल्याकडे हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. वयाने, जातीने, नात्याने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला ‘हे चुकतंय’ म्हणणे उद्धटपणा समजला जातो. चारचौघांत ओरडा खाल्लेला मुलगा दुसऱ्या दिवशी खाडा करतो किंवा पुढची चूक घडीच्या आत दडवतो, आणि ती चादर बाजारात जाऊन परत येते. म्हणून चूक एकांतात दाखवावी, कामाबद्दल बोलावे, माणसाबद्दल नाही. आणि सुरुवात वरच्याने करावी. ‘काल बीमचा हिशोब माझा चुकला’ असे मालकाने सकाळी सर्वांसमोर एकदा म्हटले, तर वर्षभराच्या प्रशिक्षणाहून जास्त परिणाम होतो.

पाळी बदलताना ही मोकळीक सर्वाधिक लागते. रात्रपाळीचा माणूस घाईत निघतो, दिवसपाळीचा उशिरा येतो आणि मधल्या पाच मिनिटांत ‘चार नंबरचा माग धागा तोडतोय’ हे सांगायचे राहून जाते. मागाशेजारी टांगलेली पाटी किंवा साधी वही यासाठी पुरते. मात्र त्या वहीतल्या नोंदीवरून कुणाचा पगार कापला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते.

गटाची वाढ

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाढीच्या चार अवस्था सांगितल्या : जमणे, खटके उडणे, घडी बसणे आणि जोमाने काम होणे. १९७७ मध्ये पांगण्याची पाचवी अवस्था जोडली गेली. खटक्यांना घाबरून गट मोडू नये, एवढा व्यवहारी अर्थ त्यातून घ्यावा. जपानमध्ये १९६२ पासून पसरलेली गुणवत्ता मंडळे भारतात १९८० च्या सुमारास आली. त्यांत कामगार स्वतः अडचण निवडून तिच्यावर उपाय शोधतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक आणि कामगार या दोहोंच्या प्रतिनिधींची, त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसतील अशी, कार्यसमिती नेमण्याची तरतूद केली होती. सोलापूरचे बरेच यंत्रमाग कारखाने त्या संख्येच्या खालीच राहतात. तिथे दहा मिनिटांची उभ्याउभ्या घेतलेली बैठक हीच समिती.

छप्पर नसलेला संघ

बिडी वळणाऱ्या हजारो सोलापूरकर बायांना सामाईक कारखानाच नसतो. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणायचा, उंबऱ्यात बसून बिड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. काम एकटीचे, छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्या) एकटीची, अपमानही एकटीचा. व्यवस्थापनाच्या पुस्तकी व्याख्येत हा संघ बसत नाही. तरीही पाने घेण्याच्या रांगेत, मोहल्ल्यात आणि युनियनच्या सभांत या बाया एकमेकींना ओळखू लागल्या, बोलायला शिकल्या, हप्ते गोळा करण्याचा आणि मोर्च्यात माणसे आणण्याचा भार वाटून घेऊ लागल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांची घरांची मागणी उभी राहिली. शहरालगत कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली आणि २००६ मध्ये ती बिडी कामगार महिलांना मिळाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना आखली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.