चिंच लदली म्हणजे कीड वाढली?

इंदूरकडे उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच फोडायला बसलं की हमखास कानावर येतं, ‘यंदा झाड लदलंय, चिंचोके किडकेच निघणार.’ किडके चिंचोके संख्येनं जास्त दिसतीलही, पण शेकडा प्रमाण बहुधा कमी असतं. मोजायचं ते प्रमाणच.

चिंचेचा भुंगेरा टरफलावर अंडी चिकटवतो. अळी थेट चिंचोक्यात शिरते, आतलं खाऊन गोल भोकातून बाहेर येते आणि कागदासारखा पातळ कोष विणते. भुंगेरे किती, हे आधी मिळालेल्या खाण्यावर ठरतं. हिशेबापुरतं धरा, अळ्या ४०० आणि चिंचोके ५००, तर ८० टक्के गेले. त्याच अळ्या ४,००० चिंचोक्यांत, तर १० टक्केच. खरा धोका भरघोस बहरानंतरच्या उण्या सालात, कारण खाणारे वाढलेले आणि चिंचोके थोडे.

साठवणीत मात्र हे गणित कोसळतं, कारण पोत्यात पिढीमागून पिढी निघते. हाच भुंगेरा बाहव्यावरही जगतो आणि साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगांना लागतो, म्हणून चिंच आणि शेंगांची पोती शेजारी ठेवू नका. दरसाल न निवडता १०० चिंचोके घ्या, भोकं मोजा. बिनभोकाचेही अडकित्त्यानं फोडून पाहा, अळी आत असू शकते.