लघुग्रह व धूमकेतू निरीक्षण (नाशिक परिसर)

सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान, बहुतांशी खडकाळ पिंडांना लघुग्रह म्हणतात. बर्फ आणि धूळ यांचा बनलेला, सूर्याजवळ आला की वायूचे आवरण व शेपूट धारण करणारा पिंड तो धूमकेतू. जुन्या मराठीत ‘शेंडेनक्षत्र’. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘केतुचार’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, पण त्याचा भर शुभाशुभ फळांवर आहे. आजच्या निरीक्षकाला हवे असते ते स्थान आणि वेळ.

साध्या दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखा नुसता ठिपका दिसतो. ओळख पटते ती चालीवरून. आकाशाच्या एकाच भागाची पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घेऊन ती आलटून पालटून पाहिली, की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरकतो. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या नोंदलेल्या स्थानांवरून त्याची जागा मोजायची आणि भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत नोंद करायची. अशी मोजमापे अमेरिकेतील मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात आणि त्यांवरून कक्षा ठरते. घड्याळ काही सेकंदांनी चुकले, तरी पृथ्वीजवळून वेगाने जाणाऱ्या लघुग्रहाचे मोजमाप वाया जाते.

पहिला लघुग्रह, सेरेस, खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथे दिसला. भारतातून पहिला शोध १८६१ सालचा: मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना सापडलेल्या ६७ व्या लघुग्रहाचे नाव ‘एशिया’.

नाशिककरांना गुरू ग्रह सिंहस्थामुळे परिचित आहे. गुरू सिंह राशीत आला की गोदाकाठी कुंभमेळा भरतो आणि ती वेळ साधारण बारा वर्षांनी येते. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रह पट्ट्यावर याच गुरूचा वचक आहे. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत जो लघुग्रह बरोबर तीन फेऱ्या मारील, त्याला गुरूचे हिसके ठरावीक ठिकाणी बसत राहतात आणि त्याची कक्षा बिघडते. म्हणून सूर्यापासून सुमारे अडीच खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) पट्टा जवळपास रिकामा आहे. अशा रिकाम्या जागांना कर्कवुड फटी म्हणतात.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. शहराची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे. म्हणून आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आलेला लघुग्रह रात्री घड्याळात बारा वाजता नव्हे, साधारण साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच चढतो. तेजस्वी काळातला वेस्टा हा लघुग्रह द्विनेत्रीतूनही सापडतो.

धूमकेतूंचे गणित वेगळे. ते सूर्याजवळ असतानाच तेजस्वी असतात, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, क्षितिजालगत शोधावे लागतात. इथे नाशिकच्या भूगोलाची अडचण होते. अंधार पश्चिमेकडे, त्र्यंबकेश्वर-अंजनेरीच्या बाजूला. पण तिथल्या डोंगरांनी पश्चिम क्षितिज झाकलेले, त्यामुळे माथ्यावर चढल्याशिवाय सायंकाळचा धूमकेतू हाती लागत नाही. पहाटेच्या धूमकेतूसाठी त्याच बाजूला थांबले, तर शहराचा उजेड नेमका पूर्वेला येतो. अशा वेळी निफाड-येवल्याकडचे सपाट रान बरे. १९९७ चा हेल-बॉप इतका तेजस्वी होता, की शहराच्या उजेडातूनही दिसला. ऑक्टोबर २०२४ मधल्या त्सुचिन्शान-ॲटलससाठी मात्र मोकळे पश्चिम क्षितिज हवे होते. जुलै २०२० चा निओवाइज ऐन पावसाळ्यात आला. जून ते सप्टेंबर इथे दुर्बीण झाकूनच ठेवावी लागते.

हिवाळा सर्वांत चांगला, तरी निर्वेध नाही. दवाने भिंग धूसर होते, पहाटे नदीकाठी धुके उतरते. निफाड भागात पारा फार खाली गेला, की शेतकरी द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवतात आणि त्यांचा धूर रानावर बसून राहतो. धूमकेतू पाहायला जावे आणि नुसता धूमच दिसावा!

लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा काही सेकंद मावळतो. वेगवेगळ्या गावांतून या पिधानाच्या वेळा मोजल्या, तर लघुग्रहाची आकृतीच हाती येते. छोट्या दुर्बिणीला झेपणारे हे काम आहे. सिन्नरपासून पेठपर्यंत निरीक्षक विखुरलेले असले तर त्याचा फायदाच होतो. पुढची मोठी घटना अपोफिसची: भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल.