चाहतेनिर्मिती (टेबलावरील भूमिकाखेळ)

चाहतेनिर्मिती : टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांसाठी खेळणाऱ्यांनीच रचलेले नियम, पात्रप्रकार, राक्षस, नकाशे, साहसे आणि खेळातल्या जगाच्या बातम्या-अफवा या संज्ञेत येतात. खेळणाऱ्यांच्या तोंडी यासाठी ‘होमब्रू’ हा शब्द आहे. एकाच गटापुरता केलेला बदल म्हणजे घरचा नियम. मराठी घरांना ही गोष्ट नवी नाही. मेंढीकोटात हुकूम केव्हा उघडायचा, कॅरममध्ये राणीला कव्हर मिळाले नाही तर पुढे काय, यावर प्रत्येक घराचा कायदा वेगळा असतो, आणि सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाचे पहिले भांडण बहुधा त्यावरूनच होते. भूमिकाखेळात मात्र घरच्या कायद्यावाचून खेळ पुढे सरकतच नाही.

खेळाची रीत थोडक्यात अशी. एक जण सूत्रधार होतो. त्याला जीएम (गेम मास्टर) किंवा डीएम (डंजन मास्टर) म्हणतात. बाकीचे तीन-चार जण एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू ‘मी काय करतो’ ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. पट लागतोच असे नाही, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. खेळाडू तटावरून उडी मारील याची तरतूद पुस्तकात असते. तो तटाला टेकून म्हाताऱ्या पहारेकऱ्याबरोबर शेंगा फोडत बसेल आणि गप्पांत किल्ल्यांचा जुडगा लांबवील, हे पुस्तकाच्या लेखकाला सुचलेले नसते. तिथे नियम जागच्या जागी रचावा लागतो. तो वहीत उतरला आणि पुढच्या बैठकीत पुन्हा वापरला गेला, की चाहतेनिर्मिती सुरू झाली.

उगम : या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून टीएसआर या छोट्या कंपनीने काढला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई १,००० प्रतींची. पण तोही शून्यातून आलेला नव्हता. हे दोघे चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या मंडळांतले. आर्नेसन यांच्या मिनेसोटातल्या मंडळात डेव्ह वेसली यांनी १९६९ मध्ये एक प्रयोग केला होता : प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी गावातला एकेक माणूस दिला आणि त्या माणसाचा स्वतःचा मतलब दिला. आर्नेसन यांनी ती कल्पना उचलून आपल्या गड्यांना एका गढीच्या तळघरात उतरवले. इकडे गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या युद्धखेळाला जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडलेली होतीच. तीन घरचे नियम एकावर एक चढले आणि त्यातून नवा खेळ उभा राहिला. म्हणून ‘मूळ खेळ’ आणि ‘चाहत्यांची भर’ अशी रेघ ओढताना जपून ओढावी.

पुढेही हेच चालू राहिले. आज ज्याच्यावाचून हा खेळ कल्पिता येत नाही ते ‘चोर’ हे पात्र पहिल्या तीन पुस्तिकांत नव्हते. कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथल्या खेळाच्या एका दुकानात जमणाऱ्या गटाने ते रचले. त्याची हकीकत १९७४ मध्ये फोनवरून गायगॅक्स यांच्या कानावर गेली आणि १९७५ च्या पुरवणीत चोर अधिकृत झाला. गिथयांकी या लढवय्या जमातीची गोष्ट आणखी गंमतीची आहे. ब्रिटनमधल्या चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाने ती रचून ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाकडे धाडली. नावही त्याने एका विज्ञानकादंबरीतून उसने घेतले होते. १९८१ मध्ये वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचे एक जाडजूड पुस्तक कंपनीने काढले, तेव्हा मुखपृष्ठावर गिथयांकीच झळकला. पुढे खेळाची मालकी घेणाऱ्या कंपनीने ‘ही नावे आमची, बाहेरच्यांनी वापरायची नाहीत’ अशी यादी जाहीर केली, तीत गिथयांकीही होता. उसन्या नावावर मालकीची पाटी लागण्याचे याहून चोख उदाहरण शोधून मिळणार नाही.

बातम्यांचा प्रवास : चाहत्यांच्या कल्पना हिंडल्या त्या चक्रमुद्रित पत्रिकांतून. लॉस एंजलिसमध्ये ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ ही त्यातली सर्वांत चिवट. ती २०२५ पर्यंत चालली. तिची पद्धत शाळेतल्या हस्तलिखितासारखी होती. ज्याने त्याने आपापली पाने तयार करून पाठवायची, संपादकाने ती एकत्र बांधून सगळ्यांना धाडायची. नवा नियम, आपल्या गटात परवा काय घडले त्याचा वृत्तान्त, नव्या खेळाची खबर, आणि मागच्या अंकात अमक्याने मांडलेल्या मताची चिरफाड, असा सगळा मजकूर एकाच गठ्ठ्यात येई. दिवाळी अंकांवर वाढलेल्या वाचकाला एक फरक जाणवेल : इथे वाचक आणि लेखक ही दोन वेगळी माणसे नव्हती.

मालकीचा प्रश्न : खेळाची युक्ती कोणाची नसते, ती सांगणारे शब्द आणि चित्रे मात्र कोणाची तरी असतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच तत्त्व मांडले : कल्पनेला स्वामित्वहक्क नाही, तिच्या मांडणीला आहे. तेव्हा ‘वीस बाजूंचा फासा टाका आणि त्यात कौशल्याचे गुण मिळवा’ हा नियम आपल्या मराठीत लिहायला आडकाठी नाही. पुस्तकाचे पान जसेच्या तसे उतरवणे किंवा त्याचे भाषांतर करून विकणे वेगळे.

टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली आणि २००० मध्ये तिने एक खुला परवाना दिला. अटी पाळून कोणीही मूळ नियमांवर आपली भर छापावी, विकावी. त्याच परवान्यावर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा तगडा प्रतिस्पर्धी उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना आवळणारा मसुदा बाहेर फुटला, चाहते खवळले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेऊन नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली मोकळा केला. श्रेय दिले की कोणत्याही भाषेत वापरायला तो आज खुला आहे. मराठीत लिहिणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

सोलापूरचा ऐवज : चाहतेनिर्मिती एखाद्या गावाची कशी होते, याचे उदाहरण म्हणून सोलापूर घेऊ. परक्या पुस्तकातली गढी उचलायची, तिला ‘सोलापूरचा भुईकोट’ म्हणायचे, भटारखान्यात कडक भाकरी ठेवायची, की साहस स्थानिक झाले असा नवख्या सूत्रधाराचा समज असतो. पाटी बदलते, खेळ तोच राहतो. गावाची एखादी रीत नियमात उतरते तेव्हाच ते साहस त्या गावाचे होते. सोलापूरपुरते बोलायचे तर पहिली अशी रीत भाषेची.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सगळ्या जमातींना येणारी एक सामाईक बोली असते. ही सोय इंग्रजी लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेली आहे. सोलापुरात ती काढून टाकली तर खेळ खुलतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथे रोजच्या आहेत. विणकर पद्मशाली समाजामुळे पूर्व भागात तेलुगू ऐकू येते, आणि ज्या सिद्धरामेश्वरांमुळे (सिद्धेश्वरांमुळे) गावाची ओळख, त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. घरचा नियम असा करता येतो : प्रत्येक पात्राला दोन भाषा पुऱ्या येतात, तिसरी बाजारापुरती कळते, चौथी नाही. चौथ्या भाषेतला निरोप सूत्रधाराने चिठ्ठीवर लिहून, ती भाषा येणाऱ्या पात्राच्या खेळाडूला गुपचूप द्यायचा आणि त्याने तो आपल्या शब्दांत इतरांना सांगायचा. फासा टाकायचा नाही. सांगताना जे गळते आणि जे मुद्दाम गाळले जाते, त्यातूनच भांडण उभे राहते.

दुसरी रीत काठ्यांची. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा भरते. गावात तिला गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, मिरवणुकीने ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, पुढे होम आणि शोभेचे दारूकाम. सिद्धेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी आख्यायिका त्यामागे आहे. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी ती उंच काठी पेलत गर्दीतून चालतो, हे दृश्य पाहिलेल्या माणसाला ‘एक फासा टाक, जमले की नाही ते सांग’ हा नियम पोरकट वाटेल. पेलणे एका क्षणात ठरत नाही, ते हळूहळू संपत जाते. म्हणून पेलणाऱ्या पात्राला तोलाचे सहा गुण द्यावेत. वळण, वारा, रेटारेटी यांनी एकेक गुण जावा. संपण्याआधी काठी दुसऱ्याच्या हाती सोपवता यावी, पण कधी ते दोन्ही खेळाडूंनी मिळून ठरवावे. हाच नियम पुरातून मूल खांद्यावर नेणाऱ्या पात्रालाही चालतो. तो तिथेच वापरणे बरे. यात्रा ही चालती उपासना आहे. तिची पद्धत शिकावी, तिच्यात राक्षस घालू नयेत.

कोड्यासाठी हत्तरसंग कुडलसारखी जागा नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ अशी : ‘वाछि तो विजेया होईवा’. हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर खेळाचा नियमच खोदून ठेवला आहे, असे सूत्रधाराला वाटले तर त्याला हसू नये. दारावर ही ओळ कोरावी आणि दार उघडायला कोणतेही बळ, कोणतीही जादू चालू देऊ नये. खेळाडूंनी ती मोठ्याने वाचली की दार उघडावे. बहुतेक गट अर्धा तास कुलूप शोधण्यात घालवतील.

गिरण्यांचा काळ हा चौथा ऐवज. पहिली गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तिला गाव जुनी गिरणी म्हणत आले. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावाच्या खेळात रात्र तासांत मोजू नये, पाळ्यांत मोजावी. दर भोंग्याला रस्त्यावरची माणसे बदलावीत. त्याच गिरणगावात मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. हा काळ खेळायचा तर या चौघांना पात्रे करू नये. निरोप पोचवणारा सायकलवाला, पत्रके लपवणारी विडी कामगार बाई, अशी बिननावाची माणसे घ्यावीत. हुतात्म्याचा शेवट फाशावर ठरवणे ही चाहतेगिरी नव्हे.

अशा खेळातली बातमी पोचते ती अफवांच्या तक्त्यातून. सहा अफवा लिहायच्या, चहाच्या टपरीवर पात्र बसले की सहा बाजूंचा फासा टाकायचा. ‘एकरूख तलावाच्या बांधावर रात्री कंदील हलतो.’ ‘खंदकात उतरलेला माणूस वर आला, पण ओला नव्हता.’ ‘दुपारच्या पाळीत एक मागवाला जास्त मोजला गेला.’ चांगल्या तक्त्यात दोन अफवा खऱ्या, दोन खोट्या आणि दोन अर्धवट असतात. सूत्रधाराने कोणती कुठली हे आधी ठरवू नये. खेळाडू जिच्यामागे धावतील ती खरी करावी.

फाशांचे गणित : घरच्या नियमाची परीक्षा बहुधा इथे होते. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा ५ टक्के वेळा येतो. ‘दोन फासे टाक, मोठा घे’ अशी सवलत दिली की ११ किंवा अधिक पडण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, पण २० पडण्याची ५ वरून ९.७५ वरच. म्हणजे सोपे काम फार सोपे होते, चमत्कार मात्र दुर्मीळच राहतो. हे न बघता सवलती वाटणाऱ्या सूत्रधाराच्या खेळात तिसऱ्या बैठकीपर्यंत कोणी हरेनासे होते. कवड्यांचा हिशेब निराळा. सहा कवड्या टाकून उताण्या मोजल्या तर मधले आकडे पुष्कळ आणि टोकाचे क्वचित पडतात. सगळ्या उताण्या पडण्याची शक्यता, कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडते असे धरले तर, ६४ त एक. प्रत्यक्षात ती सारखी पडत नाही, त्यामुळे घरच्या कवड्या शंभरदा टाकून वहीत नोंद करावी.

वीस बाजूंचा फासा जवळ नसला तरी अडत नाही. पत्त्यांच्या कॅटमधून चित्रे आणि जोकर काढून टाकावेत. लाल पान म्हणजे त्याचाच आकडा, एक्का म्हणजे एक. काळे पान असेल तर त्यात दहा मिळवायचे. एक ते वीस प्रत्येक आकड्याची दोन पाने होतात. ओढलेले पान परत घालून पिसले तर हा फासाच. परत घातले नाही तर पत्ते मागचे विसरत नाहीत : दोन्ही काळ्या दश्श्या निघून गेल्या, की कॅट पुन्हा पिसेपर्यंत विसाची आशा सोडायची, आणि ते सगळ्या टेबलाला ठाऊक असते.